मांसातले जंत: खरा धोका कोणत्या वाटेने येतो आणि तो कुठे अडवायचा

कलेजी चिरताना आत पानासारखा चपटा किडा दिसला की बहुतेक जण घाबरून सगळे मांस फेकून देतात. तीच माणसे शौचाहून आल्यावर हातावरून नुसते पाणी फिरवतात आणि कच्ची भाजी चिरायला बसतात. कलेजीतला तो किडा शिजवून पोटात गेला असता तरी त्यांना लागला नसता. न धुतलेल्या हातावरच्या अंड्यांनी मात्र मेंदूत गाठी होऊ शकतात. जनावरांच्या जंतांबद्दलची आपली भीती अशी बरेचदा नको त्या जागी असते, आणि जिथे ती हवी तिथे कोणाचे लक्ष नसते. म्हणून कोणता जंत कोणत्या वाटेने येतो ते आधी लावून घेऊ, मग मांस घेणाऱ्याने, शिजवणाऱ्याने आणि जनावर पाळणाऱ्याने काय करायचे ते एकेक पायरी करत पाहू.

आधी जंताची वाट समजून घ्या

मांसाशी संबंध असलेल्या बहुतेक परजीवींना आयुष्य पुरे करायला दोन प्राणी लागतात. एकाच्या मांसात किंवा अवयवात तो पिल्लाच्या अवस्थेत दडून राहतो. ते मांस दुसऱ्या प्राण्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात तो मोठा होतो आणि अंडी घालतो. अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, चाऱ्या-पाण्याबरोबर पहिल्या प्राण्याच्या पोटात जातात आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

कुठलाही जंत समोर आला की एकच प्रश्न विचारायचा: या फेऱ्यात माणूस कुठे आहे? मांस खाणाऱ्या प्राण्याच्या जागी असेल, तर स्वयंपाकघरात काळजी घ्यायची. अंडी गिळणाऱ्याच्या जागी असेल, तर मांस कितीही शिजवा, उपयोग नाही. तिथे हात, पाणी, संडास आणि कुत्रा यांच्याकडे पाहावे लागते. माणूस या फेऱ्यात नसेलच, तर तो प्रश्न जनावराच्या तब्येतीचा आहे, खाणाऱ्याच्या नाही.

मांसातून माणसात येणारे चार

पहिला पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. गाय-बैलांच्या मांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा आणि डुकराच्या मांसातून येणारा टीनिया सोलियम हे त्याचे मुख्य दोन प्रकार. जनावराच्या स्नायूंत त्यांची पिल्ले पाण्याने भरलेल्या छोट्या पुटीत असतात. पुटी साधारण ५ ते १० मिलिमीटरची, अर्धपारदर्शक, आत पांढरा ठिपका. कच्चे किंवा अर्धे शिजलेले असे मांस खाल्ले की दोन-तीन महिन्यांत आतड्यात कित्येक मीटर लांबीचा कृमी तयार होतो. पुटी आणि पट्टकृमी ही एकाच जिवाची दोन रूपे आहेत हे दाखवायला जर्मन डॉक्टर फ्रीडरिख क्युशेनमायस्टर याने १८५५ मध्ये देहदंडाच्या कैद्याला नकळत पुट्या खायला घातल्या आणि मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात कोवळे कृमी दाखवले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण मांसाची तपासणी का हवी याचा पुरावा तिथून मिळाला.

दुसरा ट्रायकिनेला. हा गोल जंत, आणि त्याची अळी स्नायूच्या तंतूत वेटोळे घालून बसते. डुक्कर, रानडुक्कर, अस्वल, घोडा यांच्या मांसातून तो येतो. १८३५ मध्ये लंडनमध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनात या अळ्या दिसल्या. १८६० मध्ये ड्रेस्डेनच्या फ्रीडरिख झेंकरने त्या डुकराच्या मांसातून माणसात येतात आणि जीव घेऊ शकतात हे सिद्ध केले. माणसाला हा झपाट्याने आजारी पाडतो, आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

तिसरा टॉक्सोप्लाझ्मा. हा जंत नव्हे, एकपेशीय जीव. मेंढी, शेळी, डुक्कर यांच्या स्नायूंत त्याच्या सूक्ष्म पुट्या असतात. निरोगी माणसाला बहुधा काही जाणवत नाही. पण स्त्रीला गर्भारपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. अवयवरोपण झालेल्या, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात तो मेंदूपर्यंत जातो.

चौथा सार्कोसिस्टिस. याच्या दोन जाती, एक गाय-बैलांतून आणि एक डुकरातून, माणसाच्या आतड्यात वाढतात आणि मळमळ, जुलाब यांवर प्रकरण मिटते. मेंढीच्या अन्ननलिकेत वा मांसात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे दाणे दिसतात तेही सार्कोसिस्टिसच, पण त्या जातीचा फेरा मांजरातून पुरा होतो, माणसातून नाही.

जनावरातले, पण मांसातून न येणारे

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण गोंधळ सगळा इथेच होतो.

टीनिया सोलियमची पुटी खाल्ली तर आतड्यात पट्टकृमी होतो. त्याचा त्रास फार नसतो, एका औषधाने तो जातो. पण त्या माणसाच्या विष्ठेतून रोज हजारो अंडी बाहेर पडतात. ती दुसऱ्या माणसाच्या, किंवा त्याच्याच, हातावरून तोंडात गेली तर शरीर त्यांना डुकराच्या शरीरासारखेच वागवते. अळ्या रक्तातून फिरतात आणि स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पुट्या करून बसतात. मेंदूतल्या या पुट्यांमुळे फिट येतात. हा जंत जिथे मुरलेला आहे, तिथल्या अपस्माराच्या रुग्णांत साधारण ३० टक्के जणांमागे हेच कारण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आजार डुकराचे मांस खाल्ल्याने थेट होत नाही. आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही तो होतो.

न्यूयॉर्कमधल्या एका सनातनी ज्यू वस्तीतली उदाहरणे वैद्यकात प्रसिद्ध आहेत. डुकराचे मांस धर्मानेच वर्ज्य असलेल्या कुटुंबांतल्या रुग्णांच्या मेंदूत या पुट्या सापडल्या आणि १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. तपास केल्यावर एका घरी काम करणाऱ्या व्यक्तीच्या आतड्यात पट्टकृमी आढळला. त्या व्यक्तीलाही त्याची कल्पना नसावी, कारण पट्टकृमी वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. त्यात तिचा काही दोष नाही. घरातल्या कोणालाही तो असू शकतो, हे लक्षात घेऊनच हात धुण्याचा नियम पाळायचा.

दुसरे उदाहरण हायडॅटिडचे. मेंढी, शेळी, गाय, म्हैस यांच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने फुगलेला, पांढऱ्या भिंतीचा फोड सापडतो. तो इकायनोकॉकस नावाच्या जंताचा. माणसाने असे यकृत खाल्ले, अगदी कच्चे खाल्ले, तरी त्याला हायडॅटिड होत नाही. पण ते यकृत कुत्र्यापुढे टाकले, तर त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे असंख्य कृमी वाढतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती त्याच्या केसांना, अंगणातल्या मातीला, भाजीला चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून तसेच तोंडात बोट घालणाऱ्या लहान मुलाच्या यकृतात तो फोड वर्षानुवर्षे सावकाश वाढत जातो आणि बरेचदा मोठेपणी कळतो.

कलेजीतला पानासारखा किडा म्हणजे यकृतकृमी, फॅसिओला. ओलसर जागेतल्या गोगलगायींमधून तो बाहेर पडतो, पाणवनस्पतींवर आणि गवतावर घट्ट पुटी करून बसतो. जनावर ते गवत खाते; माणूस कच्च्या पाणभाज्या खातो किंवा ते पाणी पितो. लागण अशी होते, कलेजीतून नाही. अपवाद एवढाच की जिवंत कृमी असलेली कच्ची कलेजी खाल्ली तर तो काही काळ घशाला चिकटून सूज आणू शकतो.

आणि शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारा हिमाँकस, कोंबड्यांच्या आतड्यातले लांब पांढरे जंत हे मांस खाणाऱ्याला लागत नाहीत. कोंबडीच्या मांसात धोका असतो तो मुख्यतः साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर अशा जिवाणूंचा.

पायरी पहिली: मांस घेताना

तपासणी झालेलेच मांस घ्या. कत्तलीनंतर पशुवैद्यक किंवा निरीक्षक जिभेचे, जबड्याच्या स्नायूंचे, हृदयाचे आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूचे निरीक्षण करतो, ठराविक जागी छेद घेऊन पुट्या शोधतो. ट्रायकिनेलासाठी वेगळी चाचणी लागते: पडद्याच्या स्नायूचा तुकडा पेप्सिन आणि आम्लात विरघळवून सुटलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टॉक्सोप्लाझ्मासाठी नेहमीच्या तपासणीत काहीच नसते, आणि पुट्या थोड्याच असतील तर छेद नेमका त्यांच्यावर पडेलच असे नाही. तेव्हा मांसावर तपासणीचा शिक्का असला तरी शिजवण्यातली काळजी सुटत नाही.

घरगुती कत्तलीचे किंवा शिकारीचे, कोणीही न तपासलेले डुकराचे आणि रानटी प्राण्याचे मांस ही सगळ्यांत जोखमीची खरेदी आहे. ते स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घेतलेच तर पुढची एकही पायरी गाळू नका.

पायरी दुसरी: उजेडात नीट पाहा

मांस पातळ कापून भरपूर उजेडात पाहा. मांसाच्या धाग्यांमध्ये मोत्यासारखे गोल-लांबट, पाणीदार दाणे दिसले आणि बोटाने चरबीसारखे पसरले नाहीत, तर त्या पुट्या आहेत असेच समजा. जुन्या पुट्यांत चुना साठतो, मग सुरीला कचकच लागते. असे मांस शिजवून टाकू असा विचार करू नका. परत करा आणि विक्रेत्याला कारण सांगा, म्हणजे ते जनावर कुठून आले हे शोधता येते.

कलेजीत पाण्याचा फोड दिसला तर तो फोडू नका. सोबतचा भाग मोठा घेऊन कापून काढा किंवा पूर्ण कलेजी टाका, आणि टाकायची म्हणजे कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशी टाकायची. यकृतकृमीच्या कलेजीत नळ्या जाड, कडक, पांढुरक्या झालेल्या असतात. ती खाण्याजोगी राहत नाही म्हणून टाका, तिच्यातून लागण होईल या भीतीने नाही.

काही दिसले नाही म्हणजे मांस स्वच्छ, हा निष्कर्ष मात्र काढू नका. चारपैकी दोघे, ट्रायकिनेला आणि टॉक्सोप्लाझ्मा, डोळ्यांना दिसतच नाहीत.

पायरी तिसरी: गोठवणे, जिथे उपयोगी आहे तिथे

साध्या फ्रीजमधल्या थंडाव्याने एकही जंत मरत नाही. गोठवणे मात्र कामाचे आहे, फक्त तापमान आणि दिवस दोन्ही पाळायला हवेत. पट्टकृमीच्या पुट्या उणे १० अंश सेल्सिअसला १० दिवसांत मरतात. पाळीव डुकरातला ट्रायकिनेला मारायला १५ सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडे उणे १५ अंशांवर २० दिवस ठेवावे लागतात. टॉक्सोप्लाझ्माच्या पुट्या उणे १८ अंशांवर काही दिवसांत बहुतांशी संपतात. वेगवेगळे आकडे लक्षात ठेवायचे नसतील तर पातळ तुकडे करा, डीप फ्रीझर उणे १८ वर ठेवा आणि तीन आठवडे हात लावू नका. यात तिन्ही बसतात. दिवस मोजायला सुरुवात मांस आतपर्यंत दगडासारखे झाल्यावर करायची, आत ठेवले त्या घटकेपासून नाही. वारंवार वीज जात असेल तर हा हिशोब कोलमडतो. अशा ठिकाणी गोठवण्यावर विसंबू नका.

रानटी प्राण्यांतल्या, विशेषतः थंड प्रदेशातल्या अस्वलांतल्या ट्रायकिनेलाच्या काही जाती गोठवूनही जगतात. तिथे उपाय एकच, शिजवणे. खारवणे, वाळवणे, धुरावणे आणि आंबवणे यांचाही भरवसा धरू नये. घरी बनवलेल्या सॉसेज आणि वाळवलेल्या मांसातून ट्रायकिनेलाच्या साथी पुन्हा पुन्हा झाल्या आहेत.

पायरी चौथी: कापणे आणि धुणे

कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा. नसेल तर भाजी आधी चिरा, मांस नंतर. वाटण किंवा खिम्याचे मीठ-मसाला पाहण्यासाठी कच्चे चाखण्याची सवय अनेक स्वयंपाक करणाऱ्यांना असते. ती आजच सोडा. चाखायचेच असेल तर चिमूटभर तव्यावर शिजवून चाखा.

हात, सुरी, पाट आणि ओटा गरम पाणी आणि साबणाने घासून धुवा. अल्कोहोलचे सॅनिटायझर इथे पुरेसे नाही, कारण जंतांची अंडी आणि मांजराच्या विष्ठेतून पडणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माच्या कवचबंद पुट्या त्याला दाद देत नाहीत. साबणाने घासल्यावर त्या हातावरून सुटून वाहून जातात, एवढेच पुरेसे आहे.

पायरी पाचवी: शिजवणे, आणि इथे तडजोड नाही

सगळ्यांत भक्कम अडथळा उष्णतेचा. अख्खे तुकडे, म्हणजे भाजायचा मोठा तुकडा किंवा चाप, आतून ६३ अंश सेल्सिअस झाल्यावर आचेवरून काढून निदान ३ मिनिटे तसेच राहू द्यायचे. खिम्याचे पदार्थ ७१ अंश. शिकारीचे मांसही ७१ अंश. कोंबडी आणि इतर पक्षी ७४ अंश, तेही जिवाणूंसाठी. कलेजी, हृदय असे अवयव मी ७१ अंशांवरच ठेवायला सांगेन.

खिम्याला जास्त तापमान का, हा प्रश्न रास्त आहे. अख्ख्या तुकड्यात जिवाणू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि तो भाग चांगलाच तापतो. दळल्यावर बाहेरचे सगळे आत मिसळते. जंत मात्र मुळातच आत असतात, म्हणून जंतांच्या दृष्टीने अख्ख्या तुकड्याचा मध्यही तेवढाच महत्त्वाचा.

हे मोजायचे कसे? टोकदार थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा आणि दोन-तीन जागी पाहायचे. रंगावर जाऊ नका. खिमा कधी कच्चा असतानाच तपकिरी पडतो, आणि पुरेसे शिजलेले मांसही गुलाबी राहू शकते. थर्मामीटर नसेल तर लहान तुकडे करून पाण्यात किंवा रश्श्यात बराच वेळ उकळणे, किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवणे, हा सर्वांत निर्धोक मार्ग. मांस धाग्या-धाग्याने सुटेपर्यंत रटरटले असेल तर त्यात कुठलाही जंत जिवंत राहत नाही.

धोका राहतो तो निखाऱ्यावर बाहेरून करपलेल्या पण आतून कच्च्या तुकड्यांत, जाड भाजलेल्या मांडीत हाडाजवळ, आणि मायक्रोवेव्हमध्ये. मायक्रोवेव्ह मांस सारखे तापवत नाही, काही भाग थंडच राहतात; कच्चे मांस त्यात शिजवू नये. गोठलेला जाड तुकडा तसाच आचेवर चढवला तरी हेच होते. आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तो पूर्ण सुटू द्या.

गर्भवतीने आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने अर्धकच्च्या मांसाचा घासही घेऊ नये. तसेच मांजराची विष्ठा काढण्याचे काम दुसऱ्याने करावे, तेही रोजच्या रोज: टॉक्सोप्लाझ्माच्या कवचबंद पुट्या मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोग्या व्हायला १ ते ५ दिवस लागतात, त्यामुळे ताजी विष्ठा काढली तर धोका फारसा राहत नाही. बागेतल्या मातीत हात घालताना मोजे घाला, आणि कच्च्या भाज्या भरपूर पाण्याखाली धुवा.

जनावर पाळत असाल तर

स्वयंपाकघरातली काळजी ही शेवटची फळी. फेरा तोडायची खरी जागा गोठा आहे.

सुरुवात माणसांच्या संडासापासून करा, हे ऐकायला विचित्र वाटले तरी. डुकराच्या आणि गाय-बैलाच्या मांसात पट्टकृमीची पुटी येते ती माणसाच्या विष्ठेतूनच. दुसरीकडून येण्याची सोयच निसर्गात नाही. गोठ्यावर, कुरणावर, शेतावर काम करणाऱ्या प्रत्येकाला वापरता येईल असा संडास आणि शेजारी साबण-पाणी असायलाच हवे. मैल्याचे न मुरलेले पाणी चाऱ्याला देऊ नका. डुकरे मोकाट सोडू नका, बंदिस्त ठेवा. जिथे हा जंत मुरलेला आहे तिथे डुकरांसाठी टीएसओएल१८ नावाची लस आणि पुट्या मारणारे ऑक्सफेंडाझोल हे औषध यांची जोडी वापरतात. तुमच्याकडे ती मिळते का, पशुवैद्याला विचारा.

दुसरे काम उंदरांचे. डुकराला ट्रायकिनेला होतो तो मांस खाऊनच: मेलेले उंदीर, खरकट्यातले कच्चे मांसाचे तुकडे, मेलेल्या प्राण्याचे अवशेष. खाद्य बंद डब्यात ठेवा, मेलेले जनावर त्याच दिवशी खोल पुरा, आणि न उकळलेले खरकटे डुकरांना घालूच नका.

कुत्र्यांबाबत नियम एकच आणि कडक: कच्चे यकृत, फुप्फुस, आतडी कुत्र्याला कधीही घालायची नाहीत. घालायचीच असतील तर निदान अर्धा तास खळखळ उकळून. गोठ्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल हे कृमी मारणारे औषध द्या. जिथे हायडॅटिड आहे तिथे साधारण दर ६ आठवड्यांनी, म्हणजे अंडी पडायला लागण्याआधीच कृमी मरतो. एवढ्याने काय साधते ते आइसलंडने दाखवले. १८६० च्या दशकात तिथे हा आजार भयंकर पसरलेला होता. डॅनिश वैद्य हाराल्ड क्राबे याने लोकांसाठी पुस्तिका लिहून कुत्रा आणि मेंढी यांचा हा संबंध समजावला, कुत्र्यांवर आणि कत्तलीच्या कचऱ्यावर बंधने आली, आणि पुढे हा आजार त्या बेटावरून गेला. लोकांना नीट समजावणे हा त्या मोहिमेचा पाया होता, हे मला फार मोलाचे वाटते.

मांजरे चाऱ्याच्या गंजीवर आणि खाद्याच्या पोत्यांवर बसू देऊ नका, विशेषतः पिल्ले. आयुष्यात पहिल्यांदा लागण झालेले मांजर एक-दोन आठवडे लाखो पुट्या टाकते आणि त्या मातीत वर्षभराहून जास्त टिकतात. मेंढ्या-शेळ्या एकाएकी गाभडू लागल्या तर टॉक्सोप्लाझ्माचा संशय घ्या, वार आणि मेलेले कोकरू मोजे घालून उचला, आणि घरातल्या गर्भवतीला त्या जागेजवळ जाऊ देऊ नका.

आता जंतनाशकांविषयी. औषध जनावराच्या वजनानुसार द्या. अंदाजाने कमी दिले तर कमकुवत जंत मरतात आणि चिवट उरतात. सगळ्या कळपाला ठराविक तारखेला सरसकट पाजण्याऐवजी गरज असलेल्या जनावरांनाच द्या. हिमाँकससाठी खालची पापणी ओढून आतला रंग ‘फमाचा’ नावाच्या रंगांच्या तक्त्याशी ताडतात: १ म्हणजे लालबुंद, ५ म्हणजे पांढरीफटक. जबड्याखाली पाणी उतरलेले, मागे रेंगाळणारे जनावर थांबायला वेळ देत नाही, त्याला लगेच औषध. औषधाचा उपयोग होतो का ते पाहायला पाजताना आणि १० ते १४ दिवसांनी लेंडीतली अंडी मोजून घ्या. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर त्या औषधाला जंत सरावले आहेत. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीच्या काळात देऊ नका, गर्भाला इजा होते. चराई दवाने भिजलेल्या, अगदी आखूड गवतावर नको. अळ्या जमिनीलगतच्या पात्यांवरच जास्त असतात. यकृतकृमीच्या भागात दलदलीला कुंपण घाला.

मांस खाणाऱ्याशी थेट संबंध असलेली आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे औषधाच्या बाटलीवर लिहिलेला थांबण्याचा काळ. औषध दिल्यानंतर इतके दिवस मांसासाठी कापू नका, इतके दिवस दूध विकू नका, असे तिथे दिलेले असते. प्रत्येक औषधाचा आणि जनावराचा आकडा वेगळा. औषध दिल्याची तारीख, मात्रा आणि जनावराची खूण वहीत लिहा आणि विकताना घेणाऱ्याला दाखवा. जंत काढण्याच्या नादात औषधाचा अंश कोणाच्या ताटात जाणे हीसुद्धा फसवणूकच आहे.

लक्षणे दिसली तर

शौचातून पांढरी, चपटी, कधी हलणारी पट्टीसारखी खंडे पडली तर पट्टकृमी. कच्चट मांस खाल्ल्यावर दोन दिवसांत पोट बिघडले आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पापण्यांची सूज, अंग मोडून टाकणारी स्नायुदुखी सुरू झाली तर ट्रायकिनेला. हे अळ्या स्नायूंत शिरण्याआधी ओळखले तर उपचार सोपे जातात, म्हणून डॉक्टरांना नुसती लक्षणे न सांगता कोणते मांस, कधी, कसे शिजवलेले खाल्ले ते सांगा. सोबत जेवलेले आणखी कोणी आजारी असेल तर तेही, आणि उरलेले मांस फेकू नका, तपासणीला लागेल.

मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली तर मेंदूचे स्कॅन करून घ्या, मग तो शाकाहारी असो वा मांसाहारी. आणि पट्टकृमीच्या शंकेने दुकानातून जंताच्या गोळ्या आणून स्वतःच घेऊ नका. प्राझिक्वांटेल आतड्यातला कृमी मारते, पण मेंदूत पुट्या असतील आणि त्या ठाऊक नसतील तर त्यांना सूज येऊन फिट येऊ शकते. डोकेदुखी, पूर्वी आलेली फिट, कातडीखाली हाताला लागणाऱ्या छोट्या गाठी यांपैकी काही असेल तर ते गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. घरात एकाला पट्टकृमी निघाला तर बाकी सगळ्यांचीही शौचतपासणी करून घ्या, आणि त्याचे उपचार पुरे होईपर्यंत इतरांसाठी स्वयंपाक दुसऱ्याने करावा.